नाद असू दे, पण बिल कुठाय?

मंडळी, गेल्या काही महिन्यांत बऱ्याच पोरांनी एकच प्रश्न विचारलाय. "दादा, कारसाठी सायलेन्सर ऑनलाइन मागवलाय. रविवारी दारातच बसवू का गॅरेजला नेऊ? तेवढीच मजुरी वाचेल."

उत्तर एका ओळीत देतो. गॅरेजला न्या आणि पक्कं बिल घ्या. बिलाचं का म्हणतोय ते शेवटपर्यंत वाचा, कारण तो विषय एकट्या गाडीमालकाचा नाही, सगळ्या कोल्हापूरचा आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर नीट तापतच नाही. आत साठलेलं पाणी वाळत नाही आणि डबा आतून गंजतो. एक दिवस भोक पडतं. कंपनीचा पार्ट महाग म्हणून बाजारातला बसवला, तर त्यात काही पाप नाही. आवाज आणि धूर मर्यादेत राहिला म्हणजे झालं. ही गरज. दुसरी गोष्ट म्हणजे चांगला सायलेन्सर काढून मुद्दाम भोंगा बसवणं. ती गरज नाही.

आता घरी बसवण्याचं बघा. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यासाठी असतो, खाली शिरून काम करण्यासाठी नाही. तो सरकला तर दोन टप्पे देत नाही. गंजलेले नट-बोल्ट जोर लावला की तुटतात. इंजिनाजवळचा स्टड तुटला की वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. जुनंच गॅस्केट परत लावलं तर जोडातून गळती होते आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला ना वास, ना रंग. काचा बंद करून, एसी लावून पोरंबाळं मागे झोपलीत आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी आहे, असं चित्र डोळ्यासमोर आणा. मजुरी किती वाचली हे मग कुणी विचारणार नाही.

ज्याचा हात बसलाय, ज्याच्याकडे लोखंडी स्टँड आहेत, त्याने मागचा डबा आणि हँगरचे रबर घरी बदलले तर मी अडवणार नाही. पण कन्व्हर्टर आणि सेन्सरच्या पुढच्या भागाला घरात हात लावू नये. त्यासाठी लिफ्ट पाहिजे, वेल्डिंग पाहिजे आणि गळती तपासणारा माणूस पाहिजे. उद्यमनगर ज्या गावात आहे तिथं असा कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही.

मग गॅरेज म्हणजे सगळं चोख का? तसंही नाही. खरी गोम इथंच आहे. काही ठिकाणी "गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो" म्हणून कन्व्हर्टरच काढून टाकतात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू असतात. काढलेला पार्ट भंगारात चांगला भाव खातो आणि गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. हातात काय मिळतं? कागदाच्या चिठोऱ्यावर पेनानं लिहिलेला आकडा. दुकानाचं नाव नाही, पार्टचं नाव नाही.

आणि पुढं पकडलं कोण जातं? गाडीमालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत बदललेल्या कलम १८२ ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० वेगळं. त्यात पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्सवर गदा. हे सगळं ठीक आहे. पण ज्यानं पान्हा फिरवला, पैसे घेतले, त्याचं नाव चलनावर कुठाय?

राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवलाय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, आपणही टाळ्या वाजवतो. त्याच सकाळी बसवणाऱ्याचं शटर वर जातं आणि नवीन माल भिंतीला टांगला जातो. आपण फळं तोडतोय, झाड तसंच आहे.

पीयूसीवर विसंबू नका. तिथं धूर मोजतात, आवाज नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं आणि तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. रात्री अकराला सीपीआरसमोरून फटाके फोडत गाडी जाते, तेव्हा आतल्या पेशंटनं कुणाकडं दाद मागायची? गणपतीत आवाज मोजायला मशीन बाहेर निघतं. ते बाकीच्या दिवसांत कपाटात का?

म्हणून मागणी साधी आहे. वाहतूक पोलीस आणि आरटीओ यांनी सायलेन्सर जप्त करताना एक प्रश्न विचारावा: "कुठं बसवलास? बिल दाखव." उत्तर लिहून घ्यावं. एकाच दुकानाचं नाव तीनदा आलं की चौथ्यांदा पोराला नाही, त्या दुकानाला गाठावं. आणि बसवणाऱ्यावर नेमकी जबाबदारी टाकायला नियम अपुरा वाटत असेल, तर आमदार-खासदारांनी तो करून घ्यावा.

आपल्या हातात काय आहे? बिलावर चार गोष्टी मागायच्या: दुकानाचं नाव, गाडीचा नंबर, पार्टचं नाव, आणि कन्व्हर्टर जागेवर आहे अशी एक ओळ. जुना पार्ट परत घ्यायचा, तो आपल्या पैशाचा आहे. चोख काम करणारा मिस्त्री हे सगळं आनंदानं लिहून देईल, उलट त्याचंच नाव होईल. जो टाळाटाळ करेल, त्याच्या दारातून गाडी माघारी फिरवा.

कोल्हापूरकरांना नाद करायला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त आपल्या नादापायी दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईची झोप मोडू नये, एवढं बघा. पटलं तर गल्लीतल्या ग्रुपवर पुढे पाठवा.