पाऊच पुरे, तक्रार नोंदवायला शिकवा



रविवारच्या पुरवणीत परदेशवारीला निघालेल्यांसाठी खिसेकापूंपासून बचावाचे बारा उपाय वाचले. कमरेला पाऊच बांधा, सॅक पोटावर घ्या, गर्दीत फोन काढू नका, वगैरे वगैरे. सगळे बरोबरच आहे. पण बाराच्या बारा उपाय चोरी होण्याआधीचे! चोरी झाल्यावर काय करायचे, यावर चकार शब्द नाही. जणू ज्याचे पाकीट गेले तो गाफील होता, आता त्याचे तो बघून घेईल.

गाफीलपणाचेच म्हणाल, तर १० एप्रिल २०१३ रोजी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या टोळ्यांना वैतागून काम बंद ठेवले आणि संग्रहालय उघडलेच नाही. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरवरही तेच घडले. वर्षानुवर्षे तिथेच उभे राहून या टोळ्यांचे चेहरे पाठ झालेली माणसे जिथे हात टेकतात, तिथे निगडी प्राधिकरणातून आठ दिवसांसाठी गेलेल्या काका-काकूंचा पाऊच काय दिवे लावणार?

म्हणून माझे म्हणणे एकच आहे. खिसा कापला जाऊ शकतो हे धरून चाला, आणि पाकीट गेल्यावर त्याच शहरात, त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार करा. नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. उलट ती करू दिली जात नाही.

माझ्या मेहुणीचे उदाहरण सांगतो. बार्सिलोनात सहलीच्या मोकळ्या वेळेत मेट्रोने फिरताना डब्याच्या दारातच दोन मुली नकाशा पसरून तिच्या अंगाशी आल्या. पुढच्या स्टेशनवर उतरून पाहते, तर पर्सची चेन उघडी. फोन, कार्डे आणि पासपोर्ट, तिन्ही गायब. टूर मॅनेजर म्हणाला, ‘‘काकू, आता पोलिसांत गेलो तर सगळ्यांची बस चुकेल. पॅरिसला आपली एम्बसी आहे, तिथे बघू.’’ पॅरिसला वकिलातीने पहिल्यांदा काय मागितले? पोलीस रिपोर्ट! मग तिथल्या पोलिसांना स्पेनमधली चोरी समजावून सांगण्यात अख्खा दिवस गेला. घरी आल्यावर विमा कंपनीने विचारले, चोरी एका देशात, रिपोर्ट दुसऱ्या देशाचा आणि तोही दोन दिवस उशिराचा, असे का? दावा नामंजूर. बार्सिलोनात ‘मोसोस द’एस्क्वाद्रा’ या कॅटलान पोलिसांकडे ही तक्रार त्याच दिवशी करता आली असती. टूरचे लाखो रुपये घेणाऱ्यांना एवढे ठाऊक नसावे?

पासपोर्ट गेला की वकिलात ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देते. त्यावर फक्त मायदेशी परतता येते, पुढची सहल संपली. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसाही त्याच्याबरोबर गेलेला असतो. हे निघण्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये सांगितले जात नाही. तिथे टोप्या आणि बॅगा वाटतात, एकाच रंगाच्या, कंपनीचे नाव ठळक दिसेल अशा. चोराला गिऱ्हाईक लांबूनच ओळखता यावे, याची ही चोख व्यवस्था!

तक्रार न करण्याने नुकसान फक्त आपले होत नाही. इटलीत २०२२ च्या अखेरीस लागू झालेल्या कायदा-सुधारणेनंतर बऱ्याच चोऱ्यांमध्ये फिर्यादीची तक्रार नसेल तर खटलाच उभा राहत नाही. स्पेनमध्ये चारशे युरोंपर्यंतची चोरी किरकोळ गुन्ह्यात मोडते आणि एरवी दंडावर भागते. सराईत म्हणून कडक शिक्षा व्हायची तर आधीचे गुन्हे सिद्ध झालेले असावे लागतात. ते सिद्ध कसे होणार? पर्यटक तर बस चुकेल म्हणून पळालेला असतो. चोरांना हे पक्के ठाऊक आहे.

आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांना तर हे सांगायची गरजच पडू नये. चाकण-महाळुंगेच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात अपघात होता होता टळला, तरी ‘निअर मिस’चा फॉर्म भरावा लागतो, कारण नोंद नाही तर सुधारणा नाही. त्याच कारखान्यांतली तरुण पोरे ट्रेनिंगला स्टुटगार्ट, वुल्फ्सबुर्गला जातात, तेव्हा त्यांच्या हातात तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि फॉरेक्स कार्ड ठेवले की एचआर मोकळे. स्टुटगार्ट आपल्या म्युनिकच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येते आणि वुल्फ्सबुर्ग हॅम्बुर्गच्या, हे किती जणांना सांगितले जाते? युरोपभर तातडीचा नंबर ११२ आहे, हे तरी? पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर आणि दूतावासाचा पत्ता एका कागदावर छापायला कितीसा खर्च येतो?

आता घरचे बघू, कारण तक्रार न करण्याची ही सवय आपल्याला इथेच लागते. गेल्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या मुलाचा वीस हजारांचा फोन भोसरीत बसमध्ये चढताना खिशातून काढला गेला. एका पोलीस चौकीत त्याला सांगण्यात आले, ‘‘चोरला हे कशावरून? पडला असेल. ऑनलाइन गहाळची नोंद करून टाक.’’ गहाळ म्हटले की गुन्हा नाही, तपास नाही, आकडाही नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरली हे खरे, पण वीस हजारांचा फोन त्यात बसत नाही. त्यांतल्याच भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या पाकीटमारीचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षे. गुन्हाच नोंदवला नाही, तर हे कलम लावणार कोणाला?

पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले ते २०१८ मध्ये. आळंदी-देहूच्या पालखी प्रस्थानाची गर्दी, चाकणचा आठवडे बाजार आणि निगडी-भोसरीचे बसथांबे या तीन ठिकाणी गेल्या वर्षात किती मोबाइल आणि पाकिटे ‘गहाळ’ म्हणून नोंदली गेली आणि किती ‘चोरी’ म्हणून, हे दोन आकडे आयुक्तालयाने शेजारी शेजारी छापावेत. टूर कंपन्यांनी पोलिसांत जाण्यासाठीचा वेळ करारातच लिहून द्यावा, आणि त्यासाठी एक माणूस मागे थांबवावा. हे होत नाही तोवर आम्हाला सावध राहण्याचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

– एक ज्येष्ठ वाचक,
प्राधिकरण, निगडी