हाड जुळेपर्यंतचा पगार

खुब्याची उखळ उथळ राहिली असेल, तर भोवतालचे हाड कापून ती मांडीच्या हाडाच्या गोलावर नीट बसेल अशी वळवायची व स्क्रूंनी जखडायची, ही शस्त्रक्रिया रेनहोल्ड गांझ यांनी १९८४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे सुरू केली. रुग्ण बहुधा तरुण, त्यांतही स्त्रिया अधिक. कृत्रिम सांध्याची वेळ टळते, निदान लांबते. हा लाभ थोर आहे, यात वाद नाही.

परंतु शल्यविशारदाचे काम काही तासांत आटोपते. हाडाचे काम महिनोन् महिने चालते. पहिले कित्येक आठवडे कुबड्या सुटत नाहीत. बहुतेकांचे हाड यथावकाश जुळते. काहींचे मात्र पुढचे किंवा बैठकीच्या बाजूचे हाड जुळतच नाही. क्वचित मागचा जो भाग मुद्दाम अखंड राखलेला असतो, त्यालाच ताणाने चीर जाते. न जुळलेले हाड पुष्कळदा दुखतही नाही, केवळ क्ष-किरण चित्रात दिसते. दुखू लागले, तर पुन्हा शस्त्रक्रिया, धातूची पट्टी आणि हाडाचे कलम. ड जीवनसत्त्वाची उणीव व धूम्रपान हा धोका वाढवतात. (विडी सोडण्याचा सल्ला फुकट मिळतो, म्हणूनच बहुधा तो कोणी मनावर घेत नाही.)

आता प्रश्न आमच्या विषयाचा. रुग्णालयाच्या बिलात हा काळ कोठेच नसतो. तो रुग्णाच्या मजुरीतून वळता होतो. १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के, तोही वर्षाला ९१ दिवस. ९१ दिवस म्हणजे नेमके तेरा आठवडे. हाड जुळणारच नाही, हे ठरायला याहून कितीतरी अधिक काळ लागतो. दीर्घ आजारांसाठी ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो आणि त्या यादीत अस्थिभंग न जुळणे वा उशिरा जुळणे याचा उल्लेख आहे, ही दूरदृष्टीच म्हटली पाहिजे. मात्र अपघाताने मोडलेले हाड आणि उपचारासाठी कापलेले हाड यांत हाडाला स्वतःला काही फरक कळत नाही. तो कारकुनाच्या टेबलावर निर्माण होऊ शकतो. म्हणून कापलेल्या हाडाचा उल्लेख यादीत स्पष्ट शब्दांत व्हावा. शिवाय या वाढीव भत्त्याला दोन वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे, आणि ज्या वयात ही शस्त्रक्रिया करावी लागते, त्या वयात अनेकींची पहिली नोकरी नुकतीच लागलेली असते.