आधीं विग्रह, मग उच्चार

बारामती अथवा इंदापूर तालुक्यांत विहीर खणतांना पाहिलेल्या मुलास खडकाचे थर निराळे शिकवावे लागत नाहींत. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, कोठें मांजऱ्या, आणि तळाशीं सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, हें तो जाणतो. परंतु हाच विषय इंग्रजी पुस्तकांत ‘इंटरट्रॅपिअन’ अशा लांबलचक शब्दानें पुढें आला म्हणजे त्याची जीभ अडखळते.

कांहीं वर्षांपूर्वीं इंदापुराकडील एका शेतकऱ्याच्या मुलानें वर्गांत हा शब्द ‘इंट-रट्राप्-पिअन’ असा वाचला. वर्ग हंसला. तो मुलगा खालीं बसला, आणि वर्षभर पुन्हां मोठ्यानें वाचावयास उठला नाहीं. हंसणाऱ्यांपैकीं एकासही शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. आणि मीं स्वतः फळ्यावर त्याची फोड करून दाखविली नाहीं, ही खंत मला आजही आहे.

संस्कृत सामासिक शब्द आला कीं आपण आधीं विग्रह करतों. तीच रीति येथें लावावी. ‘इंटर’ म्हणजे मधील. ‘ट्रॅप’ म्हणजे आपला काळा पाषाण. ‘इअन’ हा संबंध दाखविणारा प्रत्यय. ‘ट्रॅप’ हें नांव जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलें. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे ज्यानें पाहिले आहेत, त्यास तें सहज पटेल. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनमध्यें लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. दोन थरांमधील अवकाशांत कोठें कोठें तळीं सांचलीं, गाळ बसला, आणि तो पुढील लाव्ह्याखालीं गाडला गेला. हाच तो ‘इंटरट्रॅपिअन’, म्हणजे पाषाणांमधला, थर. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनीं तिकडील अशा थरांतील जीवाश्मांचें वर्णन १८५५ सालीं प्रसिद्ध केलें.

अर्थ कळला कीं उच्चार सोपा होतो: इं–टर–ट्रॅ–पि–अन. अक्षरें पांच, मुख्य आघात तिसऱ्यावर, हलका आघात पहिल्यावर. लिहितांना ‘पी’ दोनदां येते, उच्चारांत मात्र ‘प’ एकच. ‘गप्पा’, ‘टप्पा’ म्हणणाऱ्या आपल्या जिभेस दोन्ही ‘प’ उच्चारावेसे वाटतात. ही मातृभाषेची संवय आहे, मूढपणा नव्हे.

कोणी म्हणेल, अर्थ कळल्यावर उच्चाराची एवढी मातब्बरी कशास? परंतु ज्यास शब्द उच्चारण्याची भीति वाटते, तो प्रश्नही विचारीत नाहीं. आणि ज्यानें प्रश्न विचारणें सोडलें, त्याचें शिक्षण तेथेंच थांबलें. म्हणून उच्चार शिकवावाच, पण हंसून नव्हे, फोड करून.

विद्यार्थ्यांनो, कठीण शब्द दिसतांच त्याचे तुकडे पाडा. काळ्या पाषाणासही आपण एकाच घावांत फोडीत नाहीं. पालकांस विनंती एवढीच कीं, मूल घरीं मोठ्यानें वाचतांना चुकलें तर त्यास थांबवूं नये. चुकत वाचणारें मूल सुधारतें. गप्प बसलेल्या मुलाची चूक कोणास ऐकूंच येत नाहीं.