१६ लाखांची नवी सेडान की ९ लाखांची जुनी? हिशेब केला तर फरक महिन्याला दीड हजारांचा निघतो

घरात चार-पाच माणसं, वर्षातून दोनदा गावाला जायचं, डिकीत सगळ्यांच्या बॅगा मावल्या पाहिजेत आणि हायवेला गाडी स्थिर पळाली पाहिजे. अशी यादी केली की बरेच जण मिडसाइज सेडानपाशी येऊन थांबतात. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया या त्यातल्या ओळखीच्या गाड्या. मारुतीची सियाझ २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ती आता फक्त सेकंड हँड मिळते.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नवी घ्यायची की जुनी? रील्सवर दोन्ही बाजूंचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं 'नवी गाडी म्हणजे पैसे पाण्यात', कुणी म्हणतं 'जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं'. सल्ले बाजूला ठेवून आधी आकडे बघू, मग गाडी, मग कागद.

चार मीटरच्या रेषेची भानगड

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला आणि 'गाड्या स्वस्त झाल्या' अशा पोस्ट सगळीकडे फिरल्या. गाड्या स्वस्त झाल्या हे खरं आहे, पण सगळ्या सारख्या नाही.

सरकारच्या व्याख्येत लहान गाडी म्हणजे ४ मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेली. लहान पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस, असे २९ टक्के लागायचे. आता १८ टक्के लागतात. डिझायर, अमेझ, ऑरा या छोट्या सेडान मुद्दाम चार मीटरच्या आत बसवलेल्या आहेत, त्याचं कारण ही रेषाच.

सिटी, व्हर्ना, व्हर्टस आणि स्लाव्हिया साडेचार मीटरच्या आसपास लांब आहेत. त्यांच्यावर आधी २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस, म्हणजे ४५ टक्के कर होता. आता सरसकट ४० टक्के आहे.

दोन्हींचा परिणाम बघा. कराआधी १०० रुपये किंमत धरली तर लहान गाडी १२९ वरून ११८ वर आली, म्हणजे साधारण साडेआठ टक्के स्वस्त. मिडसाइज सेडान १४५ वरून १४० वर आली, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यावर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के मोटार वाहन कर आहेच. म्हणजे नव्या मिडसाइज सेडानच्या किमतीतला मोठा वाटा अजूनही कराचा आहे आणि तो विकताना परत मिळत नाही.

मग जुन्या गाडीवर जीएसटी किती? डिसेंबर २०२४ मध्ये 'सेकंड हँड गाडीवर १८ टक्के जीएसटी' ही बातमी आली आणि स्वतःची गाडी विकणाऱ्यालाही कर लागणार अशी समजूत पसरली. तसं नाही. एका माणसाने दुसऱ्याला स्वतःची गाडी विकली तर जीएसटी नाही. नोंदणीकृत डीलरला तो लागतो, पण पूर्ण किमतीवर नाही, फक्त त्याच्या फरकावर. त्याने ८ लाखांना घेऊन ९ लाखांना विकली तर कर फक्त मधल्या १ लाखाचा. कुणी तुम्हाला '९ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी' सांगत असेल तर आधी बिल दाखवायला सांगा.

७ लाखांचा फरक जातो कुठे?

आता हिशेब. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या शहरातले भाव आणि बँकेचा दर त्यात घालून बघा.

नवी सेडान ऑन-रोड १६ लाखांना घेतली. ६ लाख खिशातून भरले आणि १० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी काढलं. हप्ता येतो १६ हजार रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज साधारण साडेतीन लाख. ८ वर्षं वापरून ती ५ लाखांना विकली. म्हणजे गेले साडेचौदा लाख. वर्षाला साधारण १ लाख ८१ हजार.

दुसरीकडे ४ वर्षं जुनी सेडान ९ लाखांना घेतली. ३ लाख खिशातून भरले आणि ६ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो. व्याज २ लाख. ६ वर्षं वापरून ३ लाखांना विकली. गेले ८ लाख, वर्षाला १ लाख ३३ हजार. पण जुन्या गाडीला टायर, बॅटरी, सस्पेन्शन, क्लच ही कामं लवकर निघतात. त्यासाठी वर्षाला ३० हजार जास्तीचे धरू. झाले १ लाख ६३ हजार.

फरक वर्षाला १८ हजारांचा, महिन्याला दीड हजारांचा. नव्या गाडीचा विमा महाग असतो, तो धरला तर फरक थोडा वाढेल. तरीही शोरूममध्ये दिसणारे ७ लाख इथे कुठेच दिसत नाहीत.

यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली, गाडी किती वर्षं ठेवणार यावर सगळं आहे. वरच्या उदाहरणात नव्या गाडीची किंमत पहिल्या ४ वर्षांत ७ लाखांनी पडते आणि पुढच्या ४ वर्षांत ४ लाखांनी. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर नवी गाडी फार महाग पडते. दहा-बारा वर्षं तीच चालवणार असाल तर नव्या गाडीचा सुरुवातीचा तोटा बराच विरघळतो. सेडानच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांमध्ये आता निम्म्याहून जास्त एसयूव्ही आणि एमपीव्ही आहेत. सेडानला गिऱ्हाईक कमी झालं की विकणाऱ्याला भाव सोडावा लागतो. त्याचा फायदा तुम्हाला घेताना होतो, पण तीच गाडी पुढे तुम्हालाही विकायची आहे, हे धरून चाला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुनी गाडी घेऊन ६ वर्षांत साधारण १ लाख ७ हजार वाचतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एक मोठं काम निघालं तर ही बचत संपते. म्हणजे जुनी सेडान स्वस्त पडणार की नाही हे घेण्याआधीची तपासणी ठरवते.

नाव तेच, गाडी वेगळी

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२३ मध्ये व्हर्टस आणि स्लाव्हियाला पाच स्टार मिळाले. त्याच वर्षी व्हर्नालाही पाच स्टार मिळाले, पण ती २०२३ मध्ये आलेली नवी पिढी. जाहिरातीत '५ स्टार व्हर्ना' लिहून २०१९ ची गाडी विकत असतील तर त्या स्टारचा त्या गाडीशी संबंध नाही. स्टार गाडीच्या नावाला मिळत नाहीत, तपासलेल्या मॉडेलला मिळतात.

एअरबॅगचंही तसंच. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या सीटची २०२१ अखेरपर्यंत. त्याआधीची गाडी घेत असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर न जाता व्हेरियंट कोणतं आहे ते बघा.

इंधनाचा मुद्दा जुन्या गाड्यांना जास्त लागू होतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज त्यामुळे ६ ते ७ टक्के घटेल आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के, असा अंदाज दिला होता. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते वाचा.

डिझेल सेडान हवी असेल तर नवीचा पर्यायच उरलेला नाही. २०२३ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा सिटी आणि व्हर्ना दोन्ही डिझेलमध्ये बंद झाल्या. जुनी डिझेल रोज लांब पळणाऱ्याला परवडते. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगात पळावी लागते. रोज पाच किलोमीटरवरच्या शाळेत आणि भाजी मंडईत फिरणाऱ्या गाडीचा हा फिल्टर तुंबतो आणि बदलायला महाग पडतो.

गाडी बघायला जाल तेव्हा

सकाळी जा, आणि इंजिन थंड असताना तुमच्यासमोर चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बरेच आवाज लपवतं.

रनिंग मीटरवर विश्वास ठेवू नका. ४० हजार किलोमीटर लिहिलंय, पण स्टिअरिंग गुळगुळीत झालंय, ब्रेक पेडलचं रबर झिजलंय आणि ड्रायव्हर सीट एका बाजूला बसलीय, तर मीटर मागे केलेलं असू शकतं. गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुना रेकॉर्ड मालकाला काढायला लावा. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदलेले असतात.

पुरात उभी राहिलेली गाडी ओळखणं महाराष्ट्रात तरी शिकून घ्यायलाच हवं. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण, २०२४ मध्ये पुण्याचा सिंहगड रोड, असा पूर अनेक ठिकाणी येऊन गेला. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरच्या टोकाला चिखलाची रेघ राहते. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, डिकीतलं स्टेपनी ठेवायचं खड्डं तपासा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास किंवा अत्तराचा भडिमार, दोन्ही संशयास्पद.

टॅक्सीत चाललेली गाडी नंतर खाजगी करून विकली जाते, सेडानमध्ये हे विशेष तपासा. आरसीवरचा वाहन प्रकार आणि आधीच्या मालकांची संख्या बघा.

शेवटी १,५००-२,००० रुपये देऊन तुमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून गाडी लिफ्टवर चढवून तपासा. विक्रेत्याच्या मेकॅनिककडून नाही.

नवी घेत असाल तरी डोळे उघडे हवेतच. टेस्ट ड्राइव्हला आई-वडिलांना मागच्या सीटवर बसवा. सेडानची बैठक खाली असते, गुडघे दुखणाऱ्याला चढ-उतार करताना ते लगेच कळतं. तुमच्या सोसायटीच्या उतारावर आणि रोजच्या स्पीडब्रेकरवर चौघांसह गाडी नेऊन बघा. पैसे भरण्याआधी गाडीची निर्मितीची तारीख विचारा. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचे दर मागवून मग ठरवा.

कागद राहिले तर गाडी कुणाची?

दोन-तीन जणांच्या हातून गेलेली गाडी, पण आरसीवर अजून पहिल्याच मालकाचं नाव, असं सर्रास दिसतं. 'सह्या घेऊन ठेवल्यात, नंतर नावावर करून देतो' असं एजंट सांगतो. यात दोघांचंही नुकसान आहे.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला. गाडी विकून झालेली होती, पुढे ती अनेकांकडे गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं होतं. भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाचीच, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणून जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यालाही हे तितकंच लागू आहे.

घेणाऱ्याने एवढं करावं:

- परिवहन विभागाच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं बघा.
- आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, घेऊ नका.
- विमा १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावर अडकतो. नो क्लेम बोनस त्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही.
- एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसवलीय का बघा.
- परराज्यातली, विशेषतः दिल्लीची गाडी फार स्वस्त वाटते. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांचा वाद बरीच वर्षं कोर्टात आहे, त्यामुळे भाव पडलेले असतात. पण तिथली एनओसी, इथलं पासिंग आणि महाराष्ट्राचा कर मिळवून मग तुलना करा.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागतं.

मग घ्यायची कोणती?

रनिंग जास्त आहे, गाडी दहा वर्षं ठेवायची आहे आणि हप्ता भरून घरखर्च ओढाताणीशिवाय चालतो, तर नवी घ्या. बजेट दहा लाखांच्या आत आहे आणि डिकी थोडी लहान चालेल, तर जीएसटी कमी झालेली चार मीटरच्या आतली नवी सेडानही बघा. चार-पाच वर्षांत गाडी बदलायची आहे किंवा १६ लाखांत पैसे अडकवायचे नाहीत, तर एकाच मालकाची, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली तीन ते पाच वर्षांची सेडान फायद्याची.

पण तपासणीला वेळ नाही, गॅरेजवाला ओळखीचा नाही आणि विक्रेता 'आज टोकन द्या, उद्या दुसरा नेईल' म्हणतोय, तर टोकन देऊ नका. दुसऱ्याला नेऊ द्या. सेडानला सध्या गिऱ्हाईक कमी आहे, पुढच्या आठवड्यात आणखी एखादी नक्की मिळेल.