टोकियोहून आलेले पत्र

देशात लढाई सुरू असली की सर्वांत अवघड पत्र परदेशातल्या मित्राला लिहावे लागते. गल्लीतल्या माणसाला काही समजवावे लागत नाही. तो तेच वर्तमानपत्र वाचतो, त्याच घोषणा ऐकतो. दूरचा मित्र मात्र सरळ विचारतो, "तुमच्या लोकांनी हे काय चालवले आहे?" आणि कोणी वकीलपत्र दिलेले नसतानाही आपण आपल्या सरकारचे वकील होऊन बसतो. ज्यांची माणसे आखातात किंवा विलायतेत आहेत त्या घरांना हे सांगायला नको. फोनवर सलाम-खुशाली झाली की पाचव्या मिनिटाला हा विषय निघतो.

या महिन्यात आम्ही वाचकांपुढे असेच एक जुने पत्र ठेवत आहोत. तारीख २३ जुलै १९३८. लिहिणारे योने नोगुची, जपानचे कवी. तरुणपणी अमेरिकेत राहिलेले, इंग्रजीतही कविता करणारे, पुढे टोकियोच्या केइओ विद्यापीठात प्राध्यापक. पत्र गेले शांतिनिकेतनला, रवींद्रनाथ टागोरांकडे. रवींद्रनाथ १९१६ मध्ये जपानला गेले तेव्हापासूनचा दोघांचा स्नेह. १९३५ च्या हिवाळ्यात नोगुची भारतात व्याख्याने द्यायला आले, तेव्हा ते शांतिनिकेतनात पाहुणे होते.

जुलै १९३७ मध्ये जपानी फौजा चीनमध्ये उघड युद्धात उतरल्या होत्या. डिसेंबरात नानकिंग पडले. तिथे शरण आलेल्या शिपायांची आणि साध्या रहिवाशांची कत्तल झाली, हजारो स्त्रियांची अब्रू लुटली गेली. महायुद्धानंतर टोकियोला बसलेल्या न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा दोन लाखांवर धरला. रवींद्रनाथांनी जपानचा निषेध केला होता, आणि नोगुचींना तो लागला होता.

त्यांच्या पत्राची सुरुवातच बोलकी आहे. ते आठवण देतात की शांतिनिकेतनच्या भेटीत रवींद्रनाथ हबशी मुलखावर चाल करून गेलेल्या इटलीवर संतापले होते. त्या रात्री पाहुण्यांच्या खोलीत पडल्या पडल्या नोगुचींच्या मनात आले, उद्या जपान इटलीच्या जागी असेल तर हे गृहस्थ असेच बोलतील का? आम्हाला सगळ्या पत्रात ही गोष्ट सर्वांत खरी वाटते. प्रश्न कोणी विचारण्याआधीच त्यांच्या उशाशी येऊन बसला होता.

पुढचे मुद्दे मात्र सरकारी आहेत. लढाई चिनी जनतेशी नाही, चँग कै-शेकच्या सरकारशी आहे. ते सरकार पाश्चात्त्यांच्या हातातले बाहुले आहे. यातून नवा आशिया उभा राहील. तुमच्यापर्यंत जे पोहोचते तो चिन्यांचा प्रचार आहे.

हे वाचताना राग येण्याआधी ओळख पटते. शेजारीण मुलाची तक्रार घेऊन दारात आली की आई काय म्हणते? आमचा असे करणारच नाही. त्याला आधी डिवचले असेल. तुम्हाला कोणीतरी भरवले आहे. आणि शेवटी, आमच्या घराने काय काय सोसले ते तुम्हाला काय ठाऊक! नोगुचींनी हाच शेवटचा सूरही लावला. जपानमधली गरीब माणसे पोटाला चिमटा घेऊन युद्धासाठी देत आहेत, घरची मुले पाठवत आहेत, हे त्यांनी कळवळून लिहिले.

ते खोटे नव्हते. त्या दिवसांत जपानी बायका रस्त्याच्या कडेला कापडाची पट्टी घेऊन उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला एक टाका घालायला सांगत. असे हजार टाके झाले की तो पट्टा शिपायाच्या कमरेला बांधायचा, म्हणजे तो सुखरूप परत येईल ही आशा. त्या आईच्या काळजीवर कोण शंका घेईल? पण नानकिंगच्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला हा पट्टा उत्तर होत नाही. आपल्या माणसांनी किती सोसले यावरून आपली माणसे कुठे आणि कशासाठी गेली हे ठरत नाही. नोगुचींनी दोन्ही एकाच पारड्यात टाकले. हे आजही होते, आणि अगदी भल्या घरांत होते.

रवींद्रनाथांचे उत्तर १ सप्टेंबरचे आहे. ते परक्यासारखे लिहीत नाहीत. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा गुलाम आशियाला केवढी उभारी आली होती! रवींद्रनाथांना जपानी माणसाचे, त्याच्या कलेचे वेड होते. म्हणूनच त्यांना दुःख झाले. बायका-मुलांवर बॉम्ब टाकून उभा राहणारा आशिया त्यांना कवट्यांच्या मनोऱ्यासारखा दिसला. जुलमी भावालाही मदत करायची ती कशी, असे सहाबांनी विचारले तेव्हा त्याला जुलमापासून रोखून, असे उत्तर पैगंबरांनी (स.) दिल्याचे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. रवींद्रनाथांचे पत्र त्याच जातीचे आहे. त्यांनी आणखी एक टोचणारी गोष्ट लिहिली: युरोपात युद्धाचे वेड शिगेला पोहोचले तरी आपल्याच राज्यकर्त्यांना जाब विचारणारे कोणी ना कोणी निघतात, मग जपानचे विचारवंत कुठे आहेत?

ऑक्टोबरात नोगुचींनी पुन्हा लिहिले. सूर तोच, थोडा अधिक दुखावलेला. रवींद्रनाथांनी पुन्हा सविस्तर उत्तर दिले आणि शेवटी म्हटले की ज्या जपानी लोकांवर आपले प्रेम आहे त्यांना आपण यश चिंतत नाही, पश्चात्ताप चिंततो. इतके कडू वाक्य लिहूनही त्यांनी मित्राचे तोंड बंद केले नाही. विश्वभारतीने दोघांचीही पत्रे छापली.

प्रचार कोणाचा आणि बातमी कोणती, हा वाद कागदावर मिटणारा नव्हताच. त्याच सप्टेंबरात मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. जखमा त्यांनी हाताने बांधल्या. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

रवींद्रनाथ ऑगस्ट १९४१ मध्ये गेले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी विमानांनी टोकियोवर आग ओतली, त्यात नोगुचींचे घर जळाले. त्यांचा मुलगा इसामू अमेरिकेत शिल्पकार होता. अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच रहिवाशांना छावण्यांत कोंडले, तेव्हा १९४२ मध्ये तो आपणहून ॲरिझोनातल्या अशा एका छावणीत जाऊन राहिला. बापलेकांचे वर्षानुवर्षे पटत नव्हते. १९४७ च्या जुलैत नोगुची वारले, त्याआधी दोघांची दिलजमाई झाली होती.