शिक्षणाचा भार जमिनीवर नको

मुलगा अथवा मुलगी बारावी उत्तीर्ण झाली म्हणजे घरांत आनंद होतो, व त्याच्या पाठोपाठ फीची काळजीही घरांत शिरते. प्रवेशाची तारीख चार दिवसांवर आलेली असते, हातीं पैसा नसतो. मग कोणी पीककर्जाची रक्कम फीकडे वळवितो, कोणी सावकाराकडे जातो, तर कोणी एकर-दीड एकर जमीन विकून मोकळा होतो. मुलांस शिकविण्याची ही तळमळ आदरणीयच आहे. परंतु ही रीत कुटुंबास घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पीककर्ज हें एका हंगामाचें. शिक्षणाचें फळ येणार तीन-चार वर्षांनीं. पीककर्ज मुदतींत फेडलें तरच व्याजाची सवलत मिळते, व तें थकलें म्हणजे पुढील पेरणीस नवें कर्ज मिळणें कठीण होतें. जमीन विकली तर थोरल्याची पदवी पुरी होते. पण धाकट्या बहिणीची पाळी येते तेव्हां विकावयास कांहीं उरलेलें नसतें, आणि तिचें शिक्षण थांबतें. हा अन्याय कोणी जाणूनबुजून करीत नाहीं. आधीं विचार न केल्यामुळें तो घडतो.

वास्तविक प्रत्येक खर्चास निराळी वाट आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या फीसाठीं राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना असून तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. त्याच मर्यादेंतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींस मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झालें आहे. अल्पभूधारकांच्या मुलांस परगांवीं राहण्याजेवणासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. इतकें करूनही तूट राहिली तर शैक्षणिक कर्ज घ्यावें. ४ लाखांपर्यंत बँकेस तारण द्यावें लागत नाहीं, व फेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानें सुरू होते. व्याज मात्र आधींपासूनच चढतें. तें दर सुगीस भरीत गेल्यास मुलाच्या डोक्यावरील ओझें हलकें राहतें.

मग लोक ह्या वाटा कां धरीत नाहींत? महसूल खात्यांतील नोकरींत आम्हीं पाहिलें तें कारण साधें आहे: कागद वेळेवर तयार नसतात. उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमिलेअर ह्या दाखल्यांसाठीं जून-जुलैंत कचेरींत झुंबड उडते. जातपडताळणीस तर त्याहून अधिक वेळ लागतो. आणि सर्वांत मोठी अडचण घरचीच असते. आजोबा वारून दहा वर्षें झालीं तरी सातबारा त्यांच्याच नांवावर. वारसनोंद नाहीं, वांटणी नाहीं. मग अल्पभूधारकाचा दाखला कोणाच्या नांवें द्यावयाचा?

म्हणून आमची सूचना अशी कीं, मूल दहावींत असतांनाच वारसनोंद पुरी करावी व शाळेच्या दाखल्यावरील आणि सातबाऱ्यावरील नांवें ताडून पाहावीं. अकरावींत जातपडताळणीचा अर्ज द्यावा. बारावीच्या वर्षीं एप्रिल उजाडतांच उत्पन्नाचा दाखला काढावा. त्याच दोन वर्षांत मुलास जवळ बसवून त्याचा कल विचारावा. शेजाऱ्याचा मुलगा अभियंता झाला म्हणून आपलाही व्हावा, हा हट्ट महागात पडतो. तंत्रनिकेतन व औद्योगिक प्रशिक्षण संस्था ह्यांचा मार्ग दहावीनंतरच उघडतो, आणि तो हलका मानण्याचें कारण नाहीं.

मुलापासून घरचा जमाखर्चही लपवूं नये. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व विद्यार्थ्यानें श्रम करून शिकावें हा पाठ घालून दिला. सुटींत मिळविलेले चार पैसे मुलानें स्वतःच्या पुस्तकांस लाविले, तर त्यांत कमीपणा नाहीं.

शेतकरी बंधूंनीं यंदाची पेरणी उरकतांच एक दिवस आपल्या घरच्या कागदांसाठीं राखावा, एवढीच आमची विनंती आहे.