बेरीज उभी की आडवी?

तक्त्याची बेरीज उभी करायची की आडवी, हे सांगितल्याशिवाय त्या बेरजेला अर्थ नाही. ॲरेवर चालणाऱ्या बहुतेक संगणकभाषांत ही दिशा नुसत्या क्रमांकाने सांगायची रीत आहे. ती धोक्याची आहे.

पायथन भाषेतल्या नमपाय या संचात १२ पर्जन्यमापक केंद्रे आणि १२ महिने यांचा तक्ता घ्या. केंद्रे ओळींत, महिने रकान्यांत. ॲक्सिस, म्हणजे अक्ष, ० दिला की केंद्रे बेरजेत विरतात आणि महिन्यांच्या बेरजा उरतात. १ दिला की उलट. दोन्हीकडे उत्तरे १२च, म्हणून दिशा चुकली तरी यंत्र हूं की चूं करत नाही. पुढे तर आणखी घात होतो. प्रत्येक केंद्राची सरासरी काढून मूळ तक्त्यातून सरळ वजा केली, की ती यादी ओळींऐवजी रकान्यांना लागू होते आणि आठव्या केंद्राची सरासरी सगळ्या केंद्रांच्या ऑगस्टमधून वजा होते! केंद्रे २० असती तर यंत्र तिथेच अडले असते.

आर भाषेत ॲप्लाय या क्रियेला १ दिला तरी ओळींच्याच बेरजा मिळतात. पण तिथला १ म्हणजे शिल्लक राहणारी पहिली दिशा, तर नमपायमधला १ म्हणजे नाहीशी होणारी दुसरी. कारण नमपायमध्ये मोजणी शून्यापासून. उत्तर एकच, अर्थ मात्र अगदी उलटा.

केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या ॲरेभाषेत अक्ष चौकटी कंसात लिहीत. या कंसाचा अर्थ क्रियेगणिक बदले. १९९०च्या जे भाषेत आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी तो कंस ठेवलाच नाही. तिथे ‘रँक’ सांगायची: क्रिया सुट्या आकड्यावर चालवायची, एकेका ओळीवर की अख्ख्या तक्त्यावर. आपण लिहिलेल्या क्रियेलाही ती तशीच लागते. आपल्याच कामातली अडचण ओळखून ती मुळापासून दूर करणे, हे मोठेपण आहे.

तरीही तक्त्यातली कोणती दिशा महिन्यांची, हे रँक सांगत नाही. पायथनमधल्या एक्सॲरेत ते सांगता येते: ‘महिना’ या नावाने बेरीज मागायची, आणि वजाबाकीतही दिशा नावानेच जुळतात. शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासापासून अक्षांना नावे द्यायला लावावे. जिथे तशी सोय नाही, तिथे निदान चाचणीसाठी चौरस तक्ता घेऊ नये.